नदीवर पाणी सोडलं

१२ जानेवारी

धाकटे,

तू चादरीचं एक टोक धरलं होतंस आणि मी दुसरं. आपण पीळ घालत होतो. तू नेहमीसारखी भलत्याच बाजूने पीळ घालत होतीस, त्यामुळे चादर नुसती गोल फिरत होती आणि पाणी काही गळत नव्हतं. "तू माझ्या बाजूची आहेस की चादरीच्या?" असं मी विचारलं. तू इतकी हसलीस की टोक हातातून सुटून मातीत पडलं. चादर पुन्हा धुवायला घेतली, तोवर आत गॅसवरचं दूध उतू गेलं. तू फडकं घेऊन धावलीस. मी अंगणात एकटीच बादलीत हात घालून उभी होते, तेव्हा आपल्या दोघींचे नवरे नदीवरून परत आले.

सुटीच्या दिवशी गळ टाकायला जायची त्यांची खोड तुला माहीत आहे. त्या दिवशी टोपली रिकामी होती. पाण्यावर पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते, ते काही त्यांनी आणले नाहीत. भावोजी नळावर हात धुवायला गेले. आमच्या ह्यांनी गळाची काठी गुडघ्यावर धरली, काडकन मोडली आणि म्हणाले, "संपलं. आजपासून या नदीवर मी पाणी सोडलं." मग स्वतःच हसले. "नदीवर पाणी सोडणारा मी पहिलाच असेन, काय साडू?" भावोजी हसले नाहीत. ते अजून हात धूत होते.

ती सकाळ तुला आठवत असेल, असं धरून लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस. उचलला तरी "राँग नंबर" म्हणतेस, आणि तेही माझ्याच आवाजात, कारण आपल्या दोघींचा आवाज आईवर गेला आहे. म्हणून पत्र. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

मला कोर्टाचं समन्स आलं आहे. तुला ते कळलंच असेल. मी जाणार आहे. हे आणि भावोजी कामाला होते त्या कारखान्याचा पाइप जिथे नदीत उघडतो, ती जागा माझ्या परसातून दिसते, यात माझा काय दोष? सुटीच्या दिवशी, तपासणीवाल्यांचं ऑफिस बंद असताना, त्या पाइपातून निळं-काळं पाणी यायचं. दोन वर्षांपूर्वी, हे जायच्या थोडं आधी, ते शेवटचं आलं तेव्हा काठावर मॅनेजर उभे होते आणि त्यांच्या शेजारी भावोजी. पोलिसांनी विचारलं, कोण होतं? मी दोघांचीही नावं सांगितली. एकाचं सांगून दुसऱ्याचं गिळणं मला जमलं नाही. त्या आठवड्यात खालच्या वस्तीतली पोरं अंगावर फोड घेऊन दवाखान्यात पडली होती आणि गवळ्याच्या गाई पाण्यावरून परत येताना वाटेत बसल्या त्या उठल्याच नाहीत.

तू म्हणालीस, "परक्याची पोरं तुला दिसली, सख्ख्या बहिणीचा नवरा दिसला नाही." तो दिसला, धाकटे. म्हणूनच तर.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

धाकटे,

माझी साक्ष झाली. आधी सगळं नीट झालं आणि मग सगळं बिघडलं. बिघडलं ते माझ्याच तोंडाने.

आधी एक सांगते. या खटल्याला फौजदारी म्हणतात. मागे तीन वेळा झाले ते दिवाणी होते. तेव्हा कारखान्याने दंड भरला आणि ते मोकळे झाले. पुढच्या सुटीला पाणीही मोकळं झालं. या वेळच्या सरकारी वकीलबाई तरुण आहेत, नाकावर कायम शाईचा डाग असतो. त्यांनी मला समजावलं, "काकू, दिवाणीत प्रश्न असतो किती. फौजदारीत प्रश्न असतो कोण. कंपनीला तुरुंगात घालता येत नाही, तिला बूड नसतं टेकायला. माणसाला असतं." मी वाचनालयातून कायद्याचं एक सोपं पुस्तक आणून वाचलं. ह्यांनी मला औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं दाखवून वाचायला शिकवलं होतं. त्यामुळे मला बारीक अक्षराची भीती वाटत नाही. शेजारची शिंपीण म्हणाली, "फौजदारी म्हणजे फौज लागते, आणि सरकारकडे आहात तुम्ही एकट्या."

पाइपाचं, रंगाचं, काठावरच्या दोघांचं मी सांगितलं. मग मालकांचे वकील उठले. मालक, मॅनेजर आणि भावोजी या तिघांनाही तेच एक वकील आहेत. गोड बोलणारे गृहस्थ. मला बसायला खुर्ची द्यायला लावली त्यांनी.

"तुमचे दिवंगत पती पंपघरात कामाला होते?"

"होते."

"पाणी सोडायचा व्हॉल्व्ह पंपघरातच आहे?"

"आहे."

"तुम्ही पोलिसांना सांगितलंत, 'आमच्या ह्यांनी तर कधीच नदीवर पाणी सोडलं होतं.' शब्द तुमचेच?"

"माझेच. पण त्याचा अर्थ..."

"वाचून सही केलीत?"

"वाचून केली."

"मग झालं तर."

"झालं कसं? पाणी सोडलं म्हणजे नाद सोडला त्यांनी. मासे धरायचा."

"म्हणजे पाणी नाही सोडलं?"

"पाणी नाही सोडलं. नदीवर पाणी सोडलं."

सगळं कोर्ट हसलं, धाकटे. दारातला शिपाईसुद्धा. न्यायाधीशांनी तोंडासमोर कागद धरला. मी जितकं समजावू लागले तितकी गाळात गेले. वकीलबाई उठून म्हणाल्या, "हा वाक्प्रचार आहे, शाळेतल्या पोरालाही माहीत असतो." त्यावर ते गोड गृहस्थ म्हणाले, "असेल. पण पंपघरात ड्युटीवर वाक्प्रचार नव्हता, साक्षीदारांचे पती होते."

मी खुर्ची सोडून उठले.

त्यांचा डाव मला घरी येताना बसमध्ये कळला. फौजदारीला माणूस लागतो. त्यांनीही माणूस शोधला, पण मेलेला. मेलेल्याला शिक्षा होत नाही, तो उलटून बोलत नाही, आणि त्याच्या नावावर तीन जिवंत माणसं सुटतात. त्यात तुझाही नवरा आहे. हे मला दिसतं.

ते वाक्य ह्यांनी म्हटलं तेव्हा अंगणात मी होते आणि भावोजी होते. तू दुधामागे आत गेली होतीस. माझ्या अर्थाला आता कोर्टात किंमत नाही. भावोजींनी गुन्हा कबूल करावा असं मी लिहीत नाही. तेवढा मला हक्क नाही. त्यांनी फक्त त्या शब्दाचा अर्थ सांगावा, एवढंच तू त्यांना म्हण.

तुझी,
ताई

२ मार्च

धाकटे,

उत्तर नाही, ठीक आहे. माझं चालू आहे. गुडघा बरा आहे.

गावात एक नवी टूम निघाली आहे. मी नळावर गेले की कोणीतरी म्हणतं, "काकू, सोडा पाणी!" गवळी तेवढा बोलत नाही. परवा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "ते पेपरात पर्यावरण पर्यावरण लिहितात ते काय असतं?" मी म्हटलं, "तुझ्या गाई, माझं परस, त्या पोरांची कातडी, सगळं मिळून पर्यावरण." तो म्हणाला, "मग सरळ तसं लिहायला काय होतं मेल्यांना?" जाता जाता विचारलंच त्याने, खाली बघत, "काकू, तुमच्या यजमानांनी नव्हतं ना सोडलं?"

"नाही," म्हणाले मी. लगेच म्हणाले.

आता तुला एक सांगते, कारण तू काही कोणाला सांगायची नाहीस. माझं नावच काढत नाहीस. "नाही" मी लगेच म्हणाले, पण तो गेल्यावर दारातच उभी राहिले. हे पंपघरात होते, हे खरंच आहे. हाताखालचा माणूस होते, हेही खरं. मॅनेजर म्हणाला असेल, फिरव चाक, तर ह्यांनी काय केलं असेल? घरी येऊन ह्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून, की सांगवत नव्हतं म्हणून? मग त्यांना गोदामात पाठवलं, कागदावर मात्र ते शेवटपर्यंत पंपघरातच राहिले. मला म्हणाले, गुडघे दुखतात, पंपघराचे जिने होत नाहीत. मी तेल लावून रोज गुडघे चोळून दिले. दोन वर्षांनी हृदय बंद पडून गेले. नदीने मारलं नाही त्यांना, मी उगाच तसं म्हणणार नाही.

माणूस गेल्यावर त्याचे कपडे वाटून टाकता येतात. पण त्याच्याविषयी एक शंका आली की ती कोणाला देता येत नाही. ह्यांचा फोटो मी भिंतीवरून काढला नाही. पण गेले काही दिवस केर काढताना त्या भिंतीकडे बघायचं टाळते आहे.

पुढच्या तारखेला आरोपींना न्यायाधीश स्वतः विचारणार आहेत, काही सांगायचं आहे का. मी जाऊन बसणार.

ताई

२० मार्च

धाकटे, अगं धाकटे,

पत्राला नीट सुरुवात करायला हवी, पण होत नाही. आज मी पोटभर जेवले. भात दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि एकटीच होते तरी "पुरे, पुरे" म्हणाले.

आधी मालकांना विचारलं. त्यांनी सांगितलं, मी वरच्या मजल्यावर बसतो, खालचं मला ठाऊक नाही. मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, पंपघरातल्या दिवंगत कामगाराने निष्काळजीपणे... पुढचं मी ऐकलं नाही. मग भावोजी. वाळले आहेत गं. तू लेकीकडे गेल्यापासून खानावळीचा डबा खातात, त्याचं ते अंग. उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "मला वाक्प्रचाराबद्दल बोलायचं आहे."

मागे कोणीतरी खिदळलं. गोड वकील लगबगीने उठले, "माझ्या अशिलाला काही सांगायचं नाही."

"अशील असेन, पण तुमचा नाही," भावोजी म्हणाले. "तुम्हाला मालकांनी आणलंय. मला आणलं असतं माझ्या बायकोनं, पण ती रुसली आहे."

धाकटे, कोर्टात तुझं नाव असं निघालं.

न्यायाधीशांनी त्यांना बजावलं की जपून बोला, बोललेलं तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं, दुसरा वकील हवा तर देतो. भावोजी म्हणाले, "विरुद्ध जाऊ दे. कुठंतरी जाऊ दे एकदाचं." मग सांगितलं. शब्द जसे कानात राहिले तसे लिहिते.

"साडूनं काठी मोडली तेव्हा मी नळावर हात धूत होतो. जोडून सुट्या होत्या, आदल्या दिवशी व्हॉल्व्ह मीच फिरवला होता. मेलेले मासे बघून आलो आणि हात धुतले, बराच वेळ धुतले. साडूला मॅनेजरसाहेबांनी आधी विचारलं होतं. तो म्हणाला, हे चाक मी फिरवणार नाही, दुसरं काम द्या. त्याला गोदामात टाकलं आणि चाक माझ्या हातात दिलं. मी घेतलं. घरी सांगू नकोस असं साडूनंच मला म्हटलं. बहिणी-बहिणींत वितुष्ट येईल म्हणाला. साहेब, नदीवर पाणी सोडलं ते माझ्या साडूनं. नदीत पाणी सोडलं ते मी. आणि सोडायला लावलं ते ह्या दोघांनी." मग हात वर करून त्यांनी आधी मॅनेजर दाखवला आणि मग मालक. मालकांचा फोन सुटीच्या सकाळी यायचा, फोनवर ते काय म्हणायचे, हेही सांगितलं. वकीलबाईंनी खाली मान घालून इतकं भराभरा लिहिलं की नाकावर दुसरा डाग पडला.

गुडघे दुखत नव्हते गं त्यांचे. मी उगाच चोळत बसले. आणि हेसुद्धा लबाड, "अजून जरा वर, अजून जरा" करत चोळून घेत होते.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर भावोजी एकटे बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. तेच आधी म्हणाले, "एक गोष्ट कोर्टात नाही सांगितली, ताई. साडूनं मोडली ती काठी माझी होती. स्वतःची त्यानं आधी दाराआड ठेवून दिली होती."

आम्ही दोघं इतके हसलो की शिपायाने येऊन गप्प राहायला सांगितलं. हसता हसता ते रडले. मी रडले नाही. माझं रडणं दोन वर्षं रोज थोडं थोडं चालू असतं, ते एकदम येत नाही. मला फक्त अंग हलकं लागत होतं, ओझं उतरवून ठेवल्यावर हात आपोआप वर येतात ना, तसं.

तुला राग येईल हे मला ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याचं नाव धुतलं गेलं ते तुझ्या नवऱ्याच्या अंगावरून. मी आनंदात आहे आणि तू नसशील, हे कळूनही मी आनंद लपवत नाही. लपवला तर तो तुला खोटा वाटेल, आणि तूच मला पूर्वी म्हणायचीस, ताई, तुझं तोंड म्हणजे उघडं कपाट.

तुझी,
ताई

१७ मे

धाकटे,

निकाल तुला लेकीने वाचून दाखवला असेल. तरी माझ्याकडून ऐक. मालकाला चार वर्षं, मॅनेजरला तीन, भावोजींना सहा महिने. खरं सांगितलं म्हणून कमी, हात त्यांचा होता म्हणून तेवढे तरी. सहा महिने ऐकल्यावर भावोजींनी मान हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवतो तशी.

मी यावर पुष्कळ विचार केला. ज्याने फोन केला तो आणि ज्याने चाक फिरवलं तो, दोघे एकाच पिंजऱ्यात उभे असावेत का? शिंपीण म्हणते, सुईला काय शिक्षा, शिवणाऱ्याला द्या. मी तिला म्हटलं, सुईला नाही म्हणता येत नाही, माणसाला येतं. आमच्या ह्यांना आलं होतं. पण हेही खरं की ह्यांनी नाही म्हटल्यावर चाक थांबलं नाही, नुसतं दुसऱ्या हातात गेलं. ते थांबलं फोन करणाऱ्याला पकडल्यावर. एकट्याने काठी मोडून नदी वाचत नाही. त्याला कोर्ट लागतं, पोलीस लागतात, आणि कोणीतरी उठून नाव सांगावं लागतं. न्यायाधीशांनी एक वाक्य वाचलं ते मी पाठ केलं आहे. "दंड हा गुन्हा करण्याचा परवाना नव्हे." साधं आहे. ते म्हणायला इतकी वर्षं लागली.

पाइपाच्या तोंडावर सील आहे. नदी अजून बरी नाही. वकीलबाई म्हणतात, गाळात बसलेलं निघायला बरीच वर्षं जातील. पण सुटीच्या सकाळी मी आता परसातलं दार उघडते आणि पाणी पाण्याच्या रंगाचं असतं. खालच्या वस्तीतल्या बाया मला आता नळावर पुढे घेतात. "काकू, सोडा पाणी" म्हणतात अजून, पण म्हणून झाल्यावर माझी कळशी उचलून देतात.

आता पार्सलचं.

पोस्टमन बुधवारी आला. कापडात शिवलेलं पार्सल, टाके तुझे, एक लांब एक आखूड. आत भावोजींचा राखाडी स्वेटर आणि जुना चष्मा, त्याची एक काडी सैल. कागद म्हणशील तर एकही नाही. मी स्वेटरच्या बाह्यांतसुद्धा हात घालून पाहिला. मग कापड उलटं केलं. वर पत्ता होता. आधी नुसतं माझं नाव लिहून तू ते खोडलं होतंस, आणि वर लिहिलं होतंस "ताईस". खाली, "त्यांना द्यावे. चष्म्याशिवाय त्यांना भाजीतला खडाही दिसत नाही."

तुरुंगात खडा असतो हे तुला कोणी सांगितलं? मी ते दोन ओळींचं कापड हातात घेऊन बराच वेळ पायरीवर बसले होते. गवळी दूध घेऊन आला, तो म्हणाला, "काकू, काही वाईट?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. चांगलं आहे. एक माप जास्त घाल आज."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन चष्म्याची काडी घट्ट करून घेतली आणि बसने तुरुंगापर्यंत गेले. खिडकीतल्या शिपायाने नातं विचारलं. मी म्हटलं, "अकडसासू." तो म्हणाला, "म्हणजे?" मी म्हटलं, "बायकोची थोरली बहीण. तिनेच पाठवलंय मला." त्याने लिहून घेतलं, दार उघडलं, आणि मी आत जाऊन पार्सल भावोजींच्या हातात दिलं.

तुझी,
ताई